डब्यावरचे दोन ठोके

१

सकाळची कॉफी संपली की मार्लिस टेनहाफ चाकं लावलेल्या फळीवर उताणी पडायची आणि टाचांनी रेटा देत डब्याखाली शिरायची. वय पासष्टीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, पण एकदा पाठ टेकली की तिच्याइतकी सुखी बाई अख्ख्या इंडियानात सापडली नसती. वर लोखंडाचा सांगाडा, हातात हातोडी, कोपऱ्यात रेडिओवर कुणीतरी पावसाचा अंदाज चुकवतंय आणि उघड्या दारातून मक्याच्या कोवळ्या रोपांचा वास येतोय. आणखी काय हवं माणसाला!

डबा म्हणजे तिच्या वडिलांचा जुना ट्रेलर. मोटारीमागे जोडून न्यायची, चाकांवरची छोटीशी खोली. दोन बाक, एक शेगडी, एक टेबल आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. दुकानात हॅमचा डबा मिळतो तसला गोलसर आकार, म्हणून त्या भागात असल्या ट्रेलरला सगळेच हॅमचा डबा म्हणतात. टेनहाफांच्या घरात तो नुसता डबा. कित्येक वर्षं तो मार्लिसच्या शेडमध्ये तसाच पडून होता. यंदा तिच्या मुलीनं, कोरिननं, तो मागितला. कोरिन, तिचा नवरा वेड आणि सात वर्षांची ओपल असे तिघं सबंध उन्हाळा त्यात काढणार होते, वर मिशिगनच्या तळ्यांकाठी.

पत्रा आणि पडदे ही कोरिनची हौस. मार्लिसला काळजी होती ती सांगाड्याची. आयुष्यभर तिनं एका कारखान्यात ट्रेलरचे सांगाडेच जोडले होते. गंजलेला दांडा महामार्गावर मोडला की ट्रेलर मोटारीलाही फरफटत खड्ड्यात नेतो, आणि त्या मोटारीत मागच्या सीटवर ओपल असणार होती. म्हणून मार्लिसनं जाहीर करून टाकलं होतं, "प्रत्येक दांडा मी स्वतः वाजवून बघेन. मी हो म्हटल्याशिवाय डबा शेडबाहेर जाणार नाही."

वाजवायचं म्हणजे खरंच वाजवायचं. दर वीतभर अंतरावर हातोडीचे दोन ठोके. एकाच ठोक्यानं कान फसतो. चांगलं लोखंड खण्ण करतं, कुजलेलं थप्प. मागचा आडवा दांडा तर न वाजवताच गेलेला कळत होता. मागच्या खिडकीतून पाणी झिरपून झिरपून तिथल्या खपल्या बिस्किटासारख्या हातात येत होत्या. त्या कोपऱ्यातल्या बाकाखालचा लाकडी पेटाराही तळाशी कुजला होता. तो मार्लिसनं आधीच काढून शेडच्या भिंतीशी ठेवला होता.

त्या दिवशी ती डाव्या लांब दांड्यावर होती. ठक ठक. खण्ण. वीतभर पुढे. ठक ठक. खण्ण. आणि मग वरून, डब्याच्या आतून, एक टक.

"खपली पडली," मार्लिस म्हणाली. एकटी काम करणारी माणसं लोखंडाशी बोलतातच.

ठक ठक. खण्ण. टक.

आता ऊन चढलंय, पत्रा तापतोय, तापला की आवाज करतोच. किंवा रॅकून असेल, शेडांत घुसणारा तो मांजराएवढा चोरटा प्राणी. पण रॅकून इतका शिस्तीचा कधीपासून झाला? मार्लिसनं मुद्दाम एकच ठोका मारला. काही नाही. तीन मारले. काही नाही. दोन मारले.

टक.

ती फळीवरून सरकत बाहेर आली आणि डब्यात शिरली. बाक रिकामे, कपाटं उघडी, शेगडीवर धूळ. लपायला जागा म्हणून नव्हती. पायरीवर उभी राहून तिनं दाराच्या मुठीकडे बघितलं. तिथे बाबांनी बाहेरून जाड तार गुंडाळून ठेवली होती. रॅकून शिरू नयेत म्हणून असणार, असं म्हणत मार्लिसनं एप्रिलमध्येच ती पक्कडीनं तोडली होती.

२

ड्वेन हा मार्लिसचा धाकटा भाऊ. तो रस्त्यापलीकडे राहतो, दुपारी तळलेल्या डुकराच्या मांसाचं ताटाएवढं सँडविच घेऊन शेडमध्ये येतो आणि मदत सोडून सगळं करतो.

"अजून खालीच? मला वाटलं, आता तुला तिथेच पुरून वर क्रूस लावावा लागणार."

"पुरशील तेव्हा पुरशील. आधी मला सांग, निघायच्या आधी बाबा डब्यावर किती ठोके मारायचे?"

"दोन. हा काय प्रश्न झाला?"

"आणि आत असेल त्यानं?"

"एक. मग बाबा म्हणायचे, 'बाहेर ये, निघालोय.' आणि तू तोंड पाडून पायरी उतरायचीस. दर खेपेला तूच लपलेली असायचीस, म्हणून पाठ नसेल तर नवल."

तर असा तो घरचा नियम. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही. कायदाही तेच सांगतो आणि अक्कलही. पण पोरांना दोन्हींचं काय? म्हणून मोटार सुरू करण्याआधी बाबा पुढच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकत. आत कुणी असेल त्यानं एकदा ठोकायचं, खोटं नाही बोलायचं. मार्लिसनं पुढे कोरिनला हेच शिकवलं, कोरिननं ओपलला. डबा शेडमध्ये पडून होता, तरी ओपल घरातल्या कपाटांत मुद्दाम लपायची, ते एक टक करायला मिळावं म्हणून.

"शेवटची ट्रिप आठवते तुला?" मार्लिसनं विचारलं.

"जी झालीच नाही ती? चांगली आठवते. आपण दोघं मागच्या सीटवर. आई पुढे, मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं भांडं. बाबांनी ठोकलं आणि कान लावून उभे राहिले. बराच वेळ. मग त्यांनी मोटारीत बघितलं. आधी तुझ्याकडे, मग माझ्याकडे, मग परत तुझ्याकडे."

"आणि म्हणाले, ब्रेक गेलेत."

"ब्रेक गेलेत, उतरा सगळे. मी रडलो होतो. दोन दिवस तेच सॅलड खाल्लं आपण."

मार्लिसनं हात पुसले. "ड्वेन, डब्याचे ब्रेक मी गेल्या आठवड्यात उघडले. चांगले आहेत. त्यांना काही म्हणता काही झालेलं नाही."

ड्वेनचा घास तोंडापाशी थांबला. "मग दुरुस्त केले असतील."

"त्या दिवसानंतर बाबांनी डब्याला हात लावल्याचं आठवतं तुला? तार बांधली तेवढीच."

ड्वेननं घास परत सँडविचच्या कागदावर ठेवला. मग हसला, पण ते हसू त्याच्या नेहमीच्या खिदळण्यातलं नव्हतं. "तेव्हापासून ते जेवताना आपल्याकडे बघत बसायचे, बघ. आळीपाळीनं. मला वाटायचं, मी काहीतरी चोरलंय आणि मलाच ते माहीत नाही." तो उठला. "तुला उन्हानं भोवळ येत असेल, मार्लिस. पाणी पीत जा."

अर्धं सँडविच तो तिथेच ठेवून गेला. ड्वेननं असं कधी केलं नव्हतं.

३

पुढचे दिवस मार्लिसनं डोकं खाली घालून काम केलं. ग्राइंडरच्या कर्कश आवाजात टकटक ऐकू येत नाही, हा त्यातला मोठा फायदा. कुजलेला आडवा दांडा तिनं कापून काढला, नवा कोरा बसवला, वेल्डिंग केलं, तारेच्या ब्रशनं बाकीचा गंज खरवडून रेड ऑक्साइडचा हात मारला. जोड असा बसला होता की कारखान्यातल्या तिच्या जुन्या मुकादमानंही मान डोलावली असती, आणि तो माणूस कशालाच मान डोलवत नसे.

मग ती हातोडी घेऊन खाली गेली. नव्या दांड्यावर ठक ठक.

थप्प.

तिला वाटलं, आपण चुकून लाकडावर मारलं. परत मारलं. थप्प. नव्या लोखंडावर, तिच्या स्वतःच्या हातच्या जोडावर, कुजक्या लोखंडाचा आवाज! तिनं दांडा चाचपला. गार, गुळगुळीत, एक खळगा नाही. तिनं शेजारच्या जुन्या दांड्यावर मारलं. कालपर्यंत खणखणणारा तो दांडाही थप्प.

असा आवाज तिच्या ओळखीचा होता. वाजत्या ताटावर कुणी तळहात ठेवला की ताट जसं एकदम गप्प होतं, तसा. पण सांगाड्यावर हात ठेवायला वर होतं कोण? फळ्या, फळ्यांवर लिनोलियम, त्यावर रिकामी खोली.

"म्हातारी झालीस तू," ती स्वतःला म्हणाली. "कान गेले." पण रेडिओ तर नीट ऐकू येत होता. दूर रस्त्यावरून, धर्मानं मोटार वर्ज्य मानणाऱ्या आमिश शेजाऱ्यांची घोडागाडी चालली होती, तिच्या घोड्याच्या टापाही ऐकू येत होत्या.

ती तशीच पडून राहिली आणि तेव्हाच तिची नजर पाट्यांकडे गेली. चाकांच्या वर लोखंडी पाट्यांची स्प्रिंग असते. डब्यात माणूस चाललं की ती त्याच्या वजनानं दबते. मागच्या बाजूनं दबायला लागली की समजावं, माणूस बाकावरून उठलं. पुढे पुढे सरकत आलं की समजावं, दाराकडे निघालं. आयुष्यभर सांगाड्यांखाली पडलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

डावा पाटा जरासा दबला. उठला. मग उजवा. मग परत डावा. मागून पुढे, सावकाश, हलक्या वजनाच्या पावलांनी. दारापाशी येऊन थांबला.

"ओपल?" मार्लिसनं हाक मारली.

ओपल तेव्हा मैलोगणती दूर, शाळेच्या शेवटच्या दिवसाच्या सहलीला होती. हे मार्लिसला माहीत होतं. तरी तिनं हाक मारली, कारण ते वजन तेवढंच होतं. सात वर्षांच्या पोरीएवढं.

डबा जॅकवर असतो, जॅक कधी कधी बसतो, असं तिनं स्वतःला समजावलं. पण शेडची जमीन सिमेंटची होती. आणि तिनं तपासले तेव्हा चारही जॅक जिथल्या तिथे होते.

४

कोरिन मंडळी यायची होती त्या दुपारी मार्लिस अगदी रडकुंडीला आली होती. तिला काही कळेनासं झालं होतं, आणि न कळण्याची तिला सवय नव्हती. सांगाडा पक्का आहे, असं तिचे डोळे सांगत होते, हात सांगत होते. कान नाही म्हणत होते. आता कोरिनला काय सांगायचं? जा म्हणायचं की थांबा? जा म्हटलं आणि दांडा मोडला तर? थांबा म्हटलं तर कारण काय द्यायचं, की लोखंडावर कुणीतरी हात ठेवतंय?

ती शेवटची एकदा खाली शिरली. ठक ठक.

थप्प. आणि वरून टक.

"पुरे झालं!" मार्लिस ओरडली. "किती दिवस चालवणार आहेस हे?"

ठक ठक. थप्प. टक.

आणि मग तिच्या तोंडून ते शब्द निघाले. तिनं ठरवून म्हटले नाहीत. दोन ठोके, एक उत्तर, की पुढचं वाक्य तिच्या घरात आपोआपच येतं. बाबांच्याच सुरात, बाबांच्याच त्राग्यानं ती म्हणाली:

"बाहेर ये. निघालोय."

पाटा हलला. दारापाशी दबला आणि एकदम वर उसळला, जसा माणूस उतरल्यावर उसळतो. मार्लिसच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, दाराखालची घडीची पायरी करकरत खाली वाकली आणि परत सरळ झाली. पायरीवर काही नव्हतं. तिनं बघितलं, नीट बघितलं, काही नव्हतं. शेडच्या दारातून येणारा उजेड मात्र क्षणभर मंदावला, मध्ये कुणी आडवं आल्यासारखा. मग परत पहिल्यासारखा पडला.

रेडिओवर कुणीतरी गात होतं. शेवटी तिनं हातोडी उचलली, कारण हातात दुसरं काहीच नव्हतं. ठक ठक.

खण्ण!

नवा दांडा देवळातल्या घंटेसारखा वाजला. पुढचा वाजला, डावा वाजला, उजवा वाजला. मार्लिस फळीवरून सरकत सरकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि सबंध सांगाडा खणखणत होता. वरून टक नाही, काही नाही. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या कानांत पाणी ओघळलं. उताणं पडून रडलं की असंच होतं.

बाहेर आल्यावर तिनं जमीन बघितली. खरवडलेल्या गंजाची लाल पूड सगळीकडे पसरली होती आणि पायरीपासून दारापर्यंत ती विस्कटलेली होती. पण दिवसभर त्या वाटेनं तीच तर ये-जा करत होती. मार्लिसनं झाडू घेतला.

५

संध्याकाळी मंडळी आली. कोरिन उतरताच पडद्यांच्या गोष्टी करू लागली, वेडनं सांगाड्याखाली वाकून शीळ घातली आणि ओपल पिवळे रबरी बूट घालून थेट शेडमध्ये पळाली. पुढचे दोन दात पडलेले, गुडघ्याला खरचटलेलं. तिला पेटारा सापडला आणि ती त्यात झाकण लावून बसली.

"तो डब्यातला आहे का, आजी?"

"डब्यातलाच. कुजलाय. त्यात बसू नकोस, कुसळं टोचतील."

"मस्त आहे," ओपल आतून म्हणाली.

सकाळी मार्लिसनं पॅनकेक केले. ओपल आली, तीन खाल्ले, मेपलचा पाक हनुवटीवर घेऊन अंगणात पळाली. मार्लिस तव्याकडे वळली आणि परत फिरली तर ओपल खुर्चीत बसून रिकाम्या बशीकडे बघत होती.

"आजी, मला कधी देणार?"

"आत्ता तीन हाणलेस ना गं!"

"मी? मी तर आत्ता उठले."

"वा! नाटकी." मार्लिसनं तिच्या बशीत आणखी दोन टाकले. हनुवटीवर पाक नव्हता. पुसला असेल. पोरं पुसतात कधी कधी, कुणी सांगितलं नाही तरी.

मग भांडी धुताना तिला खिडकीतून झोपाळा दिसला. ओपल झोपाळ्यावर बसली होती, पाय हलवत नव्हती, नुसती बसली होती, घराकडे तोंड करून. आणि वरच्या मजल्यावरून कोरिनचा आवाज आला, "ओपल, तो ब्रश इकडे दे, केस विंचरू दे मला!" आणि ओपलची कुरकुर.

मार्लिसनं चष्मा काढला, पुसला, घातला. झोपाळा हलत होता, रिकामा. चष्म्याचा नंबर बदलायला झालाय हे डॉक्टर केव्हापासून सांगत होता. आणि झोपही नीट झाली नव्हती. आणि कोरिनचा आवाज घरात घुमतो, तो कुठून येतो ते नेहमीच कळत नाही. एवढी सगळी कारणं जमल्यावर तिला जरा बरं वाटलं. तरी जेवणाच्या वेळी तिनं बशा मांडल्या तेव्हा एक जास्त मांडली, आणि वेडनं ती निमूटपणे उचलून ठेवली.

६

निघायची वेळ झाली. ड्वेनही रस्ता ओलांडून आला, हात खिशात घालून, डब्यापासून जरा लांबच उभा राहिला. वेडनं डबा मोटारीला जोडला, साखळ्या लावल्या, दिवे तपासले. ओपल मागच्या सीटवर पट्टा लावून बसली होती. खिडकीच्या काचेवर तिच्या हाताचा लालसर ठसा उमटला होता, शेडमधल्या गंजाचा.

"मार्लिस, तुम्ही हो म्हणा, मगच निघू," वेड म्हणाला. "बॉस तुम्ही."

"ठोक आधी."

वेडनं पुढच्या पत्र्यावर दोनदा ठोकलं. सगळे गप्प उभे राहिले. मक्याच्या पानांची सळसळ तेवढी येत होती. मार्लिसनं पत्र्याला कान लावला, बाबा लावायचे तसा. आत काही नव्हतं. खरोखर काही नव्हतं.

"जा," ती म्हणाली. "पक्का आहे. जा."

ओपलनं हात हलवला. डबा चमकत, डुलत रस्त्याला लागला आणि शेतांपलीकडच्या वळणावर दिसेनासा झाला. ड्वेननं खिशातून हात काढले, बहिणीच्या पाठीवर एक थाप मारली आणि घरी गेला.

मार्लिस शेड झाडायला गेली. डबा नसताना शेड केवढी मोठी दिसत होती! तिनं कापलेल्या दांड्याचे तुकडे एका बाजूला रचले, कुजक्या फळ्या गोळा केल्या. मग पेटाऱ्याकडे आली. हा जाळायचा की ठेवायचा, असा विचार करत तिनं हातातल्या हातोडीनं त्याच्या फळीवर सहज दोन ठोके मारले. लाकूड किती उरलंय ते बघायला. हाताची सवय, दुसरं काय.

आतून एक टक आला.

मार्लिसनं झाकण उघडलं. ओपल आत पाय पोटाशी घेऊन बसली होती, केस घामानं चिकटलेले, तळहात गंजानं लाल, तोंड रडवेलं.

"किती वेळ लावलास, आजी! मी वाट बघतेय, बघतेय, मला कुणी ठोकलंच नाही!"

मार्लिसनं तिला उचलून बाहेर घेतलं. पोर जड होती, गरम होती, पिवळ्या बुटांतले पाय तिच्या मांडीला लागत होते. दोन दात नव्हते. गुडघ्याला खरचटलेलं होतं. "आई कुठेय?" ओपलनं विचारलं आणि दारातून बाहेर बघितलं. "डबा कुठेय?"

मार्लिसचा हात खिशातल्या फोनकडे गेला. बोटं गंजानं माखलेली, दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

"काय गं आई, एवढ्यात आठवण आली?" कोरिन हसत होती. मोटारीचा घरघराट येत होता. "मस्त चाललाय डबा. वेड म्हणतोय, मागे काही जोडलंय असं वाटतच नाही."

"ओपल कुठेय?"

"कुठे म्हणजे? मागे. खिडकीला नाक लावून बसलीय."

"तू बघतेयस तिला? आत्ता?"

"आई, काय झालंय तुला?"

"तिच्या पायांत काय आहे?"

"पिवळे बूट! झोपतानाही काढत नाही ती. थांब, फोन मोठ्यानं करते, तूच बोल तिच्याशी. ओपल, आजी आहे बघ."

मार्लिसनं समोरच्या पोरीकडे बघितलं. पोरगी तिच्याकडे बघत होती, डोळे पुसत, गालावर लाल पट्टे ओढत.

"आजी," तिनं विचारलं, "फोनवर कोण आहे?"

आणि फोनमधून, त्याच आवाजात, तशीच दातांच्या फटीतून हवा सोडत, दुसरी म्हणाली, "आजी, तुझ्याजवळ कोण बोललं?"

मार्लिसला तेव्हा जेवणाचं टेबल आठवलं. बटाट्याच्या सॅलडचं भांडं आठवलं आणि त्याच्या पलीकडे बसलेले बाबा, एकदा तिच्याकडे बघणारे, एकदा ड्वेनकडे. काय शोधत होते ते, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्यांना ते सापडलं होतं की नाही, हे मात्र आता विचारायला कुणी नव्हतं.

"आई? बोल ना. घाबरवू नकोस मला. वेड विचारतोय, काय झालं म्हणून."

काय सांगणार होती ती? कोणती पोरगी घेऊन निघालात म्हणून विचारणार होती? आणि तिच्याजवळ होती ती तरी?

"ब्रेक," मार्लिस म्हणाली. "डब्याचे ब्रेक गेलेत, कोरिन. माझ्या लक्षातच आलं नाही. हळू चालवा आणि परत या."

तिनं फोन ठेवला. ओपलनं येऊन तिचा हात धरला. हात गरम होता, लहान पोरांचा असतो तसा, थोडा चिकट. मार्लिस तिच्याकडे बघत उभी राहिली.